सांडलेलं रक्त गाळून त्याच रुग्णाला परत: असं छोटं यंत्र नाशकात बनेल का?

टूलरूमवाला

मंडळी, सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे. डाय, फिक्श्चर, थोडंफार प्लास्टिक मोल्डिंग. भाचा बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या ग्रुपला प्रोजेक्ट हवाय. त्याने आणलेला विषय मला इतका पटला की आता मीच त्याच्या मागे लागलोय.

मोठ्या ऑपरेशनमध्ये वाहिलेलं रक्त ओढून, धुऊन त्याच रुग्णाला परत देणारं यंत्र असतं. सेल सेव्हर म्हणतात. चाकांवर ढकलत न्यायचं धूड, किंमत लाखांत, शिवाय दर रुग्णाला नवा सेट लागतो त्याचे पैसे वेगळे. आमच्या डोक्यात आहे ते १०८ मध्ये मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं. कसारा घाटातला अपघात घ्या, समृद्धीवरचा घ्या, सावळघाटात उलटलेली पिकअप घ्या. माणूस रक्त जाऊन जातो आणि रक्तपेढी असते नाशकात. त्यात सिंहस्थ तोंडावर आलाय. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती, हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल.

मशीनिंग आणि मोल्ड आम्ही बघू. वैद्यकीय बाजूने पाटी कोरी आहे. डॉक्टर लोकांनी हातचं न राखता बोलावं.

भूलवैद्य

विषय चांगला आहे, पण यंत्र १०८ मधून आत्ताच खाली उतरवा.

घाटातल्या अपघातात रक्त कुठे जातं ते बघा. काही रस्त्यावर, काही सीटवर, कपड्यांत. ते गेलंच. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच मुरतं. कमरेचं हाड फुटलं तर त्याहून जास्त, आणि ते आत मागच्या बाजूला पसरतं. यातला थेंबही तुमच्या नळीला लागणार नाही. हाती लागण्यासारखं रक्त दोनच ठिकाणी साचतं: पोटात आणि छातीत. पोट उघडायला ओटी लागते, सर्जन लागतो, माझ्यासारखा भूल देणारा लागतो. तेव्हा यंत्राची जागा ओटीत.

ॲम्ब्युलन्समध्ये करायच्या गोष्टी कमी झगमगीत आहेत. जखमेवर दाब, हातापायाला टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), कमरेला बाइंडर (घट्ट बांधायचा रुंद पट्टा), रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, आणि गाडी पळवणे. ट्रानेक्झॅमिकवर क्रॅश-२ नावाचा अभ्यास २०१० साली आला, २० हजारांवर जखमींचा, त्यात भारतातलेही भरपूर होते. पहिल्या तीन तासांत औषध गेलं तर जीव वाचतात. उशिरा दिलं तर फायदा नाहीच, उलट तोटा दिसला. औषध स्वस्त आहे आणि पेटीत पडून असतं.

चेंगराचेंगरीत माणसं बहुतेक गुदमरून जातात. छाती दाबली जाते, श्वास घेता येत नाही. तिथे रक्ताचं यंत्र काय करणार? प्रस्तावातून सिंहस्थ काढून टाका, कागदावर कितीही छान दिसत असला तरी.

गोदाकाठचा

वाचतोय. असे धागे हल्ली येतच नाहीत.

टूलरूमवाला

डॉक्टर, एकदम पटलं. पण छातीत साचलेल्या रक्ताला तर ओटी लागत नाही ना? नळी घालतात ती कॅज्युअल्टीतच?

भूलवैद्य

बरोबर पकडलंत. बरगड्यांमधून आयसीडी, म्हणजे निचऱ्याची नळी घालतात, रक्त खाली पाण्याच्या बाटलीत येतं. छातीत फिरून आलेलं हे रक्त सहसा गोठत नाही, कारण त्यातलं गुठळी बनवणारं फायब्रिनोजेन हृदयाच्या नि फुप्फुसांच्या हालचालीत आधीच वापरलं गेलेलं असतं. निर्जंतुक कप्प्यात धरलं, गाळलं, तर काही तासांच्या आत परत देता येतं. अशा तयार पेट्या परदेशात मिळतात. आपल्याकडे बाटली भरली की मोजून केसपेपरवर आकडा लिहितात आणि मावशी बेसिनमध्ये ओततात. एक लिटर, दीड लिटर, ओतून मोकळ्या. तेवढ्यात नातेवाईक खाली रक्तपेढीच्या रांगेत.

पेठवाली डॉक्टर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. पेठ-सुरगाणा पट्ट्यात बरीच वर्षं काम करते, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

तुमचं यंत्र अपघातापेक्षा आधी मला लागतं. रात्री जीपमधून बाई येते. पांढरीफटक, पोट तट्ट फुगलेलं, नाडी मोजता येत नाही इतकी जोरात, पाळी चुकलेली. पोटात सुई घातली की काळपट, न गोठणारं रक्त. गर्भ बीजनळीत राहिलेला आणि नळी फुटलेली. वजन ४५ किलो धरा. किलोला ७० मिली म्हणजे अंगात एकूण सव्वातीन लिटरच्या आत-बाहेर रक्त, त्यातलं दीड लिटर पोटात. हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ. नाशिकला पाठवावं तर कोटंबी घाटातच दगावेल. रक्त मागवावं तर क्रॉसमॅच, गाडी, येणं-जाणं. नातेवाइकाला शेजारी झोपवून थेट त्याचं रक्त चढवणं कायद्यात बसत नाही, आणि ते का बसत नाही तेही मला मान्य आहे: एचआयव्ही, कावीळ तपासल्याशिवाय कसं द्यायचं? पण बाईचं स्वतःचं रक्त तिलाच देताना हे प्रश्नच येत नाहीत. गटसुद्धा जुळवायचा नसतो.

आम्ही काय करतो तर ऑटोक्लेव्ह केलेली स्टीलची पळी आणि वाटी. पोटाला आधी छोटं भोक पाडायचं, नाहीतर सगळं एकदम टेबलावर येतं. पळीने काढून वाटीत, वाटीत रक्तपेढीच्या रिकाम्या पिशवीतलं, रक्त गोठू न देणारं सीपीडीए (३५० च्या पिशवीत ते ४९ मिली असतं, म्हणजे शंभराला चौदा हा हिशोब). मग आठ पदरी गॉजमधून गाळून बाटलीत, आणि बीटी सेट (रक्त चढवायची नळी) लावून शिरेत. सर्जन खाली नळी बांधतोय आणि वर हाताला तिचंच रक्त चाललंय. दहा-पंधरा मिनिटांत ओठांचा रंग बदलतो, ते बघायला मिळालं की रात्रीची झोप गेली तरी चालते.

ही युक्ती आमची नाही. १९१४ साली योहान्नेस थीस नावाच्या जर्मन डॉक्टरने नळी फुटलेल्या बायकांना असंच रक्त परत दिलं होतं. ग्रामीण सर्जन मंडळी ते आजही करतात. त्रास एवढाच की वाटी उघडी, रक्ताला हवा लागते, गॉजचे तंतू जातात, गुठळ्या अडकून गाळणं थांबतं आणि एक सिस्टर त्यातच अडकून पडते. मला सेंट्रीफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून रक्त वेगळं करणारं यंत्र, नकोय. मला ही पळी बंद डब्यात हवी आहे, हाताने चालणारी.

नेहमीचा_वाचक

अवांतर: पळी म्हणजे आमटीचीच का?

पेठवाली डॉक्टर

आमटीचीच. लांब दांड्याची लागते, खोलवर पोचायला. फक्त ती परत आमटीत जात नाही.

प्रोटोटाइप_पंडित

मॅडम, तुम्ही म्हणताय तशी वस्तू झालेली आहे. हेमाफ्यूज. अमेरिकेतल्या सिसू ग्लोबल हेल्थने बनवली, मिशिगन विद्यापीठातल्या तरुण मुलींनी काढलेली कंपनी. त्यांनाही ही कल्पना घानातल्या डॉक्टरांना सूपच्या पळीने रक्त काढताना बघून सुचली. दिसायला मोठ्या सिरिंजसारखी. दांडा ओढला की रक्त फिल्टरमधून नळकांड्यात, दाबला की पिशवीत. वीज नाही, मोटर नाही. बेनिनमधल्या तांगिएता गावच्या हॉस्पिटलने तर फक्त एक खास चाडी बनवली होती, पोटात धरायची आणि खाली पिशवी. तेवढ्यावर त्यांनी किती बाया वाचवल्या.

व्हीएमसी_मोड

भाऊ, पण धुतल्याशिवाय रक्त द्यायचं म्हणजे जरा कसंतरीच वाटतं. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी कागदाचा सेंट्रीफ्यूज केला होता ना, २०१७ मध्ये? दोरी ओढायची, चकती मिनिटाला सव्वा लाख फेरे मारते. तोच मोठा करायचा!

भूलवैद्य

तो केशनळीतल्या दोन थेंबांसाठी आहे हो, मलेरिया बघायला. इथे लिटर फिरवायचंय. खऱ्या सेल सेव्हरमध्ये घंटेच्या आकाराचा बाउल असतो, सव्वादोनशे मिलीचा, मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे. लाल पेशी जड, त्या बाहेरच्या भिंतीला चिकटतात, हलका प्लाझ्मा वरून निघून जातो. मग लिटरभर सलाइन सोडून धुणं. या बाउलमागे जॅक लॅथम यांचं डोकं, अमेरिकेत, गेल्या शतकाच्या मध्यात. अजून मूळ कल्पना तीच चालू आहे.

धुण्याचे फायदे आहेतच: फुटलेल्या पेशींचं सुटं हिमोग्लोबिन जातं, गोठू नये म्हणून घातलेलं हेपारिन जातं, चरबी, पोटॅशियम जातं. पण प्लेटलेट आणि गोठवणारे घटकही त्याच नाल्यातून जातात. दोन-तीन लिटर धुतलेलं रक्त दिलं की रुग्ण लाल दिसतो पण जखमेतून पाझरत राहतो, मग एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) मागवा. पेठला एफएफपी कुठून आणणार? न धुतलेलं फार मोठ्या प्रमाणात देत नाहीत, पण लिटर-दीड लिटरचा प्रश्न असेल तर बंद आणि नीट गाळलेलं चालून जातं.

मधले मार्गही निघालेत. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातून हेमोसेप आलं, पिशवीतला शोषक थर जास्तीचं पाणी पिऊन घेतो, सेंट्रीफ्यूज नाही. फ्रान्सच्या आय-सेपने गाळणीवर चालणारं यंत्र केलं, त्यात प्लेटलेटही वाचतात. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टने तिकडे जाऊ नये.

एक जुनी गोष्ट मात्र भिंतीवर लिहून ठेवा. १९७० च्या सुमारास गेराल्ड क्लेबानॉफ या अमेरिकन हवाई दलाच्या सर्जनने व्हिएतनाम युद्धाच्या काळात पंपाचं यंत्र आणलं. बॉक्समधलं रक्त संपलं तरी पंप फिरत राहिला की हवा थेट शिरेत. त्यावरून लोक दगावले आणि ते यंत्र बदनाम झालं. म्हणून शिरेच्या बाजूला पंप ठेवायचाच नाही. तुमच्या वस्तूने पिशवी भरावी, पिशवीतून शिरेत जाताना फक्त स्टँडची उंची. पिशवीला प्रेशर बॅगही लावायची नाही.

टूलरूमवाला

लिहून घेतलं. आज दुपारी मुलांनी कागदावर काढलं ते असं: पारदर्शक पॉलीकार्बोनेटचं नळकांडं, एका दमात शंभर मिली, दोन्ही टोकांना एकेरी झडप, आधी जाड गाळणी गुठळ्यांसाठी, मग बारीक. दांडा ओढताना किती जोर लागतो ते आम्ही स्प्रिंगने मर्यादित करू शकतो. मर्यादा किती ठेवायची?

लालपेशी

रक्तपेढीत टेक्निशियन आहे. हा प्रश्न आमच्या आवडीचा.

सेल सेव्हरवाले सक्शन शंभर ते दीडशे मिमी पाऱ्याच्या आत ठेवतात. त्यावर गेलात की पेशी फुटतात. पण आकड्यापेक्षा वाईट म्हणजे नळीचं तोंड अर्धं रक्तात, अर्धं हवेत असणं. फेस आला की समजा पेशी गेल्या. म्हणून तोंड रक्तात बुडलेलं राहील असं करा, बाजूला बरीच भोकं ठेवा, एकच भोक ठेवलंत तर आतडं येऊन चिकटेल. मॅडम, तुमच्या ओटीतल्या पूल सक्शनला असतात तशी.

तपासायला सोपं आहे. यंत्रातून काढलेलं रक्त नळीत फिरवायचं. वरचा प्लाझ्मा पिवळसर राहिला तर ठीक, गुलाबी झाला तर झडप किंवा गाळणी बदला. पुढे सुटं हिमोग्लोबिन मोजायचं. ते जास्त झालं की मूत्रपिंडावर येतं.

आणि एक मुद्दा जो ग्लासगोला कुणाला सुचणार नाही, आपल्याला सुचलाच पाहिजे. सिकलसेल, लाल पेशींचा आनुवंशिक आजार. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक इथल्या आदिवासी गावांत तो आहे. बाहेर साचलेल्या रक्तात प्राणवायू कमी, आम्लता जास्त; अशात सिकलच्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि फुटतात. ते रक्त परत देणं धोक्याचं. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी चालू आहे, पण रात्री तीनला कार्ड घेऊन कोण येतं? सोल्युबिलिटी टेस्ट काही मिनिटांत होते. वाहक आणि रुग्ण यातला फरक ती सांगत नाही, पण थांबायचं की नाही एवढं सांगते. पाकिटातच एक टेस्ट घाला.

पेठवाली डॉक्टर

लालपेशी, शंभर टक्के. आम्ही आधी टेस्ट लावतो, पण सगळीकडे लावत नाहीत. पाकिटात असेल तर लावतील.

घाटमाथा

माझ्या वहिनीच्या वेळी दोन पिशव्या आणायला मी मोटरसायकलने नाशिकला गेलो होतो. पावसात, थर्माकोलचा डबा मागे बांधून. गाव आणि हॉस्पिटल सांगत नाही. डबा पोचला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं की पोटात सगळं रक्तच होतं. हे असं काही करता येतं हे मला आज कळतंय. टूलरूमवाले दादा, काम सोडू नका. पत्र्याचं, वेल्डिंगचं काही असेल तर मी करून देईन.

टूलरूमवाला

घाटमाथा, काय बोलू. व्यनि केलाय.

तिरकस

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाहीये. ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र नीट चालू ठेवलं तर या सगळ्या उठाठेवीची गरज काय? एक फ्रिज, दहा पिशव्या. आपण नेहमी व्यवस्थेचं काम गॅजेटवर ढकलतो.

पेठवाली डॉक्टर

प्रश्न रास्त आहे. मला दोन्हींतून एकच निवड म्हणालात तर मी फ्रिजच निवडेन, डोळे मिटून. बाळंतपणातल्या रक्तस्रावाला, अपघाताला, रक्तक्षयाला सगळ्याला तो लागतो. पण तो फ्रिज २ ते ६ अंशांवर कायम राहायला हवा, वीज गेली तर जनरेटर, बघायला माणूस. पिशवी टिकते ३५ ते ४२ दिवस. छोट्या ठिकाणी महिन्याला चारच लागल्या तर बाकीच्या बाद होतात, मग वरून विचारणा येते, मग लोक मागवणंच कमी करतात. शिवाय फ्रिजमधल्या दोन पिशव्या संपल्यावर तिसरी कुठून? पोटातल्या दीड लिटरचा हिशोब तिथे येतो.

प्रोटोटाइप_पंडित

मॅडम, बाळंतपणातल्या रक्तस्रावालाही हे वापरता येईल का? संख्या तर तिथे जास्त.

पेठवाली डॉक्टर

नको. खालून येणारं रक्त स्वच्छ नसतं, मळ, गर्भजल, सगळं मिसळलेलं. सिझेरियनमध्ये धुण्याच्या यंत्राने करतात, तेही खास फिल्टर लावून. ब्रिटनमधल्या साल्व्हो अभ्यासात (२०१७, तीन हजारांवर बाया) बाहेरचं रक्त लागण्याचं प्रमाण ३.५ वरून २.५ टक्क्यांवर आलं, पण फरक ठाम म्हणावा इतका निघाला नाही. आईचा गट निगेटिव्ह असेल तर बाळाच्या पेशी जातात, अँटी-डीचं इंजेक्शन जास्त द्यावं लागतं. बाळंतपणाला त्याहून साधी गोष्ट कामाला येते: ढुंगणाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी. रक्त किती गेलं ते दिसलं की माणसं वेळेत हलतात. २०२३ च्या ई-मोटिव्ह अभ्यासात ती पिशवी आणि ठरलेले उपचार लगेच एकत्र सुरू केल्यावर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. ते प्लास्टिकचं काम आहे, तुमच्याकडे होण्यासारखं. सुचवून ठेवते.

क्यूए_काका

मी निवृत्त, आयुष्य क्वालिटीत गेलं, शेवटची वर्षं मेडिकल डिस्पोजेबलमध्ये. थोडं थंड पाणी ओततो.

वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे. अ, ब, क, ड असे धोक्यानुसार वर्ग. पहिल्या दोघांचा उत्पादन परवाना राज्याकडे, पुढच्या दोघांचा दिल्लीत सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे. रक्ताला लागून परत शिरेत जाणारी वस्तू. अ वर्गाची स्वप्नं बघू नका. माणसावर वापरायच्या आधी एथिक्स कमिटी आणि केंद्राची परवानगी. "आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी एकदा वापरून बघितलं" असलं काही करू नका, मॅडमही करू देणार नाहीत.

मटेरिअल: डॅशबोर्डच्या जॉबमधून उरलेले दाणे चालणार नाहीत. मेडिकल ग्रेड, बॅचच्या कागदासकट. आयएसओ १०९९३ चा चौथा भाग खास रक्ताच्या संपर्कासाठी आहे. निर्जंतुक इथिलीन ऑक्साइडने, आणि तो वायू गाळणीत किती राहिला ते मोजायचं. बारीक जाळीत तो अडकून बसतो, पहिली बॅच बहुतेकांची तिथेच नापास होते. मोल्डिंगच्या साच्याला लावतात तो सिलिकॉन स्प्रे? बंद.

मदतीला जागा आहेत. गेल्या सिंहस्थाच्या आधी कुंभथॉन हे नव्या कल्पनांचं शिबिर झालं, एमआयटीचे रमेश रासकर आपल्या नाशिकचेच, त्यातून टीसीएसचं डिस्क इनोव्हेशन सेंटर इथे उभं राहिलं. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे. मुलांना तिकडे पाठवा. आधी रिस्क फाइल लिहायला शिकवा, मग लेथ.

व्हीएमसी_मोड

काका, टेस्टला रक्त कुठून आणायचं? भद्रकालीत बोकडाचं मिळेल.

लालपेशी

बोकडाचं नको. बकऱ्याच्या लाल पेशी माणसाच्या निम्म्या आकाराच्या, तीन-चार मायक्रॉन, आणि नाजूक. तुमची गाळणी त्यांना वेगळंच वागवेल, निकाल फसवा येईल. सुरुवात पाणी आणि ग्लिसरीनने करा, रक्ताइतकं दाट करता येतं. झडपा, गळती, जोर, सगळं त्यात कळतं. गुठळ्यांसाठी जेलीचे तुकडे टाका. पुढे मुदत संपलेल्या पिशव्या लागतील. त्या अशाच कुणी देत नाही, नष्ट करायच्या असतात. कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं पत्र आणा, मग रक्तपेढीच्या डॉक्टरांशी बोलता येईल.

टूलरूमवाला

मुलांशी बोलून ठरवलं: फक्त फुटलेली नळी आणि छातीतलं रक्त, ओटी किंवा कॅज्युअल्टी, वीज नाही, धुणं नाही. पॅकेटमध्ये सीपीडीए मोजून भरलेला कप्पा आणि सिकलची टेस्ट. पाण्या-ग्लिसरीनचं मॉडेल दिवाळीआधी. १०८ आणि सिंहस्थ दोन्ही उडाले, भाचा थोडा हिरमुसलाय, त्याने पोस्टर बनवून ठेवलं होतं.

पेठवाल्या मॅडम, बाहेर जाणाऱ्या टोकाला कोणतं कनेक्टर ठेवू? लूअर लॉक (सिरिंजला असतं तसं पिळून बसणारं टोक) सोपं पडतं.

पेठवाली डॉक्टर

लूअर नको. गडबडीत कुणीतरी ते थेट शिरेच्या कॅन्युलाला जोडेल आणि दांडा दाबेल, आणि मग भूलवैद्य म्हणाले तीच हवेची गोष्ट. रक्ताच्या रिकाम्या पिशवीच्या नळीतच बसेल आणि दुसरीकडे कुठेच बसणार नाही असं टोक करा. दांड्याची मूठ मोठी ठेवा, रक्ताने माखलेल्या दोन हातमोज्यांतून धरायची असते. आणि रिकामी पिशवी कोणत्या कंपनीची आमच्याकडे येते ते दर वेळी बदलतं, तेव्हा दोन-तीन प्रकारच्या आणून बघा. माझ्याकडच्या मुदत संपलेल्या रिकाम्या पिशव्या देते, शुक्रवारी नाशकात आहे.

टूलरूमवाला

शुक्रवारी चालेल. व्हर्निअर घेऊन येतो.